खडान्खडा

सुनावणी अग्निशमन केंद्राच्या शेडमध्ये.
दोन्ही बंब बाहेर काढून उभे केले बर्फात,
आत घडीच्या खुर्च्या बेचाळीस, माणसं साठ,
आणि कॉफीच्या टाकीशेजारी मी,
टाउनशिपची कारकून.
खडान्खडा लिहायचं, असं पहिल्या दिवशी सांगितलेलं.

प्रत्येकाला तीन मिनिटं.
मोजायला माझं अंडी उकडायचं घड्याळ आणलंय घरून,
पिवळ्या कोंबडीच्या आकाराचं.
ते वाजलं की थांबायचं,
वाक्य कुठंही असो.

अर्जदार ओर्लिन हॉगस्टाड, राहणार इथलेच.
ऐंशी एकर, वीस वर्षं,
दिवसाला चौऱ्याहत्तर डंपर, जाणारे-येणारे धरून.
सकाळी सात ते संध्याकाळी सहा,
शनिवारी दुपारपर्यंत.
रविवार देवाचा, त्या दिवशी क्रशर बंद.

वर्ना टुफ्टनं बरणी आणली होती. टेबलावर ठेवली.
"माझ्या विहिरीचं पाणी. बासष्ट फूट.
आज असं आहे. पुढल्या मार्चमध्ये पुन्हा आणीन."
आणि बसली.
दोन मिनिटं चाळीस सेकंद उरले होते,
ते तसेच टिकटिकत गेले.
कोंबडीला कुणी हात लावला नाही.

पा चिया मुआचा भाजीचा मळा रस्त्याला लागून.
धुळीनं माखलेली पानं बाजारात कोण घेईल, म्हणाली.
मग तिच्या मुलानं तेच पुन्हा सांगितलं
चांगल्या इंग्रजीत,
जरा मोठ्यानं, जरा कमी खरं.

काउंटीचा भूगर्भतज्ज्ञ नकाशावर बोट फिरवत:
ही टेकडी म्हणजे बर्फाच्या पोटातून वाहिलेली नदी.
हिमनदी वितळली, मागं सरकली,
आणि ही सगळी खडी इथंच टाकून गेली.
मागून कोणीतरी, "तिनं परवाना काढला होता का?"
हशा.
हशा इतिवृत्तात येत नाही.

ओर्लिनच्या नावानं खडे फोडणं चालू होतं
आणि ओर्लिन दुसऱ्या रांगेत, टोपी गुडघ्यावर.
जानेवारीच्या वादळात त्याच्याच ट्रॅक्टरनं
यातल्या निम्म्यांची दारं मोकळी केली होती,
माझंही. पैसे विचारले तर म्हणाला, राहू दे.
माझ्या घरापुढची खडी त्याच्याच जुन्या खाणीतली,
चार डंपर, ओळखीच्या भावात.
हे कुणी विचारलं नाही.
मीही पेन खाली ठेवलं नाही.

शेवटी एक मुलगी, दहा-अकराची, कागद न बघता:
जुन्या खाणीच्या कड्यात पाकोळ्या राहतात.
खणणं थांबलं तर कडा ढासळतो, त्या जातात.
खणलं तर बिळांसकट कडाच जातो.
"मग त्यांनी नेमकं कुठं..."
कोंबडी वाजली.

तीन विरुद्ध दोन. मंजूर.
अटी सतरा: आठ फुटी मातीचा बांध,
रस्त्यावर दिवसातून दोनदा पाणी,
मागं येताना डंपरनं किंचाळायचं नाही, खाकरायचं,
शेजारच्या विहिरींची तपासणी दरवर्षी.
सभा नऊ वाजून दहा मिनिटांनी समाप्त.

खुर्च्या आवरायला ओर्लिन एकटाच थांबला.
दर वेळी थांबतो.
शेवटची खुर्ची भिंतीला लावून टेबलापाशी आला,
बरणी उचलून ट्यूबलाइटसमोर धरली,
डावीकडे कलती, उजवीकडे कलती.
"किती म्हणाली, बासष्ट?"
बासष्ट, मी म्हटलं.
"माझी अठ्ठावन्न."

वही उघडीच होती समोर.
घड्याळात नऊ पंचवीस.

त्यानं बंब आत घेतले, एकेक करून.
मी बरणीवर तारीख चिकटवली, परिशिष्ट ड,
आणि उभीच राहिले, की हिला ठेवू कुठं:
फायलींच्या कपाटात,
की फ्रिजमध्ये.